लेखिका प्रतिवादीची बहीण आहे

हडपसर, पुणे
१२ जानेवारी २०२५

प्रिय दीपाताई,
सप्रेम जय भीम.

फोन न करता कागदावर लिहितेय म्हणून घाबरू नकोस. किंवा घाबर, मी तर घाबरलेच आहे. काल सकाळी दारात पोलीस आले. एक हवालदार आणि एक बाई. मी यशोधराची वेणी घालत होते. बाईंनी आधी यशोकडे पाहिलं, मग मोबाईलमधल्या फोटोकडे, मग पुन्हा यशोकडे. म्हणाल्या, "मुलगी तुमच्याच ताब्यात आहे ना?"

ताब्यात! ताई, मी चक्क हसले. म्हटलं, "ताब्यात म्हणजे? माझी मुलगी आहे ती." त्यांनी कागद पुढे केला. राकेशने मुंबईला हायकोर्टात अर्ज केलाय. मी माझ्याच मुलीला बेकायदेशीरपणे डांबून ठेवलंय, असं त्यात लिहिलंय. वर मोठ्या अक्षरांत हेबिअस कॉर्पस. हा शब्द मी फक्त तुझ्या तोंडून ऐकला होता. तू आमच्याकडे राहून एलएल.बी. करत होतीस, मोठमोठ्याने पाठ करायचीस, आणि मी बारावीची गणितं सोडवत तुझ्यावर वैतागायचे.

आईने सवयीने पोलिसांना चहा विचारला. बाबा "साहेब, काहीतरी चूक झाली असणार" एवढंच म्हणत राहिले. यशो अर्धी वेणी घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसली. ती सहा वर्षांची आहे, पण 'पोलीस' हा शब्द दोन्ही भाषांत कळतो तिला.

तुला ठाऊक आहे, नोव्हेंबरमध्ये मी तिला घेऊन न्यू जर्सीहून आले. बाबांची बायपास होती. राकेशला सगळं माहीत होतं. नंतर परत जाणं लांबत गेलं, कारण आमचं तिथे पटत नव्हतं. तेही तुला माहीत आहे. पण नवरा-बायकोचं पटत नाही म्हणून दारात पोलीस?

वकील मिळाल्यात. सुरुची मॅडम, मुंबईच्या. त्यांनी पहिलं काय सांगितलं तर फोनवर केसबद्दल लिहू-बोलू नका, कारण राकेशने माझे जुने मेसेज छापून अर्जाला जोडलेत. शिवाय घर दोन खोल्यांचं, आणि यशोचे कान तिखट. म्हणून हे पत्र. तू याच विषयात डॉक्टरेट केलीस, आता जर्मनीतही त्यासाठीच गेली आहेस. दोन देशांचे कायदे एकमेकांशी भांडायला लागले की काय करायचं, असं काहीतरी सांगायचीस ना? ते आता माझ्या घरात येऊन भांडतायत.

एकच सांग. ते तिला माझ्याकडून नेतील का?

तुझी
पूर्वा


हॅम्बुर्ग
३० जानेवारी २०२५

प्रिय पूर्वा,
जय भीम.

पत्र आज मिळालं आणि आजच लिहायला बसले. आधी श्वास घे. 'डांबून ठेवलं' हे शब्द मनाला लावून घेऊ नकोस. हायकोर्टाचा तो दरवाजा उघडायचा तर तसंच लिहावं लागतं.

माझा विषय म्हणजे काय, ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. एखाद्याचं आयुष्य दोन देशांत पसरलं, म्हणजे लग्न इथलं, घर तिथलं, मूल तिथे जन्मलेलं, तर भांडण कोणत्या देशाच्या कोर्टाने सोडवायचं आणि कोणत्या कायद्याने, एवढाच प्रश्न. मुलांपुरता बऱ्याच देशांनी मिळून हेगला एक करार केलाय. एका पालकाने मूल परस्पर दुसऱ्या देशात नेलं तर आधी ते परत पाठवायचं आणि ताब्याचं भांडण मूळ ठिकाणी मिटवायचं. भारताने त्यावर सही केलेली नाही. त्यामुळे आपल्या कोर्टांवर त्याचं बंधन नाही. ती मुलाचं हित कशात आहे ते बघतात. तू आई आहेस, मुलगी लहान आहे, आणि तू राकेशला सांगून आली आहेस. एवढं पुरेसं आहे.

फक्त एक गोष्ट. तू निघायच्या आधी तिकडच्या कोर्टाने काही हुकूम दिला होता का? नसणारच. पण असेल तर सुरुची मॅडमना आजच सांग, आणि मलाही.

या सगळ्यावर मी लिहिलंही आहे, पण ते वाचायला लावून तुला आणखी छळत नाही. काकांना म्हणावं, बायपास झालेल्या माणसाने काळजी करायची नसते. हिरामावशीला माझा नमस्कार. यशोची वेणी पूर्ण झाली का?

तुझी
दीपाली


हडपसर
२३ फेब्रुवारी २०२५

ताई,

तारीख झाली. घरी येऊन दोन दिवस झाले तरी मला काही सुधरत नाही. जसं घडलं तसं लिहिते.

बाबा ऐकेनात. एवढा प्रवास नको म्हटलं तरी स्वारगेटला माझ्याआधी बसमध्ये चढून बसले. कोर्टात आम्ही मागच्या बाकावर होतो. राकेशचे वकील वयस्कर, आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागतं. ते म्हणाले, भारतातल्या कोर्टांनी अशा प्रकरणांत फार दया दाखवली, म्हणून मूल पळवून आणणाऱ्या पालकांना आपला देश आसरा वाटायला लागलाय. आणि हे मी म्हणत नाही, या विषयातल्या एक विदुषी म्हणतात. मग त्यांनी एक छापील लेख वर धरला आणि नाव वाचलं. डॉक्टर दीपाली ओव्हाळ.

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तेवढ्यात बाबांनी माझा हात दाबला. त्यांना तो इंग्रजी वाद कळत नव्हता, तुझं नाव तेवढं कळलं. चेहरा असा फुलला होता त्यांचा! शेजारी फायली घेऊन राकेशच्या वकिलांचा एक तरुण ज्युनिअर वकील उभा होता, त्याला हळूच म्हणाले, "आमची पोरगी आहे ती. आमच्याच घरी राहून शिकली." तो बाबांकडे बघतच राहिला.

वकील वाचत गेले. 'मूल आणणारा पालक स्वतःच्या सोयीची भूमी निवडतो आणि तिलाच मुलाचं हित म्हणतो.' मग, 'परत पाठवणं ही शिक्षा नव्हे. तो योग्य कोर्टाकडे जाणारा रस्ता आहे. त्या पालकानेही परत जावं आणि तिथे दाद मागावी.' जजसाहेब मान डोलावत लिहून घेत होते. सुरुची मॅडमनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना आधीच मोठ्या तोंडाने सांगून ठेवलं होतं ना, माझी बहीण याच विषयातली आहे म्हणून.

बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, "दीपालीने आपल्या बाजूने चांगलं लिहिलंय ना गं?"

मी म्हटलं, "हो बाबा."

हे तू लिहिलंयस, ताई? की तुझ्या नावाची दुसरी कोणी आहे?

हुकमाचं विचारलं होतंस. तिकडची सगळी कागदपत्रं सुरुची मॅडमकडे आहेत.

पूर्वा


हॅम्बुर्ग
१२ मार्च २०२५

पूर्वा,

मीच लिहिलंय. दुसरी कोणी नाही.

तुझं पत्र लायब्ररीच्या पायऱ्यांवर उघडलं आणि तिथेच बसून राहिले. काका कोणाला तरी कौतुकाने सांगतायत, 'आमची पोरगी आहे ती', आणि त्या पोरीचीच वाक्यं तुझ्यावर रोखली जातायत. हे चित्र डोळ्यांपुढून जात नाही.

लेख का लिहिला ते सांगते. आमच्या कॉलेजच्या मोफत सल्ला केंद्रात एक बाई यायच्या. नवऱ्याने मुलाला सुट्टीसाठी म्हणून लंडनहून आणलं आणि नातेवाइकांकडे लपवून ठेवलं. त्या इंग्लंडच्या कोर्टाचा हुकूम हातात घेऊन पुण्यात दारोदार फिरत होत्या; त्या हुकमाला इथे कोणी किंमत देत नव्हतं. खटला संपेपर्यंत मुलगा त्यांना ओळखेनासा झाला होता. त्यांच्यासाठी लिहिला मी तो लेख. 'पळवून आणणारा पालक' म्हणताना माझ्यासमोर तो नवरा होता. तू नव्हतीस.

पण तू असायला हवी होतीस, असं आता दिसतंय.

परवा मला राकेशच्या वकिलांच्या ऑफिसातून ई-मेल आला. आपल्यासारख्या तज्ज्ञांचं मत कोर्टापुढे ठेवायचं आहे, म्हणे. आपलं नातं त्यांना माहीत नसावं; काकांचं बोलणं त्या तरुण वकिलाने अजून वरपर्यंत पोचवलेलं दिसत नाही. सोबत संपूर्ण अर्ज जोडलेला होता. मी तो उभ्याउभ्या वाचला. त्यात न्यू जर्सीच्या कोर्टाचा ऑक्टोबरचा हुकूम आहे. निकाल लागेपर्यंत मुलीला राज्याबाहेर नेऊ नये. तू त्या दिवशी कोर्टात हजर होतीस. त्यावर तुझी सही आहे. आणि नोव्हेंबरमध्ये राकेश ऑफिसच्या कामाला टेक्सासला गेलेला असताना तू विमानात बसलीस.

'राकेशला सगळं माहीत होतं.' तुझे शब्द, पूर्वा. मी तुला सरळ विचारलं होतं, आणि तू कागदपत्रं मॅडमकडे आहेत म्हणून मोकळी झालीस. मी 'घाबरू नकोस' लिहिलं ते अर्ध्या गोष्टीवर. काकांची बायपास तरी खरी होती का, असा प्रश्न माझ्या मनात आला, आणि तो आला याचाच मला धक्का बसला.

राकेशच्या वकिलांना मी नातं कळवून नकार दिला आहे. पण तुझ्या बाजूने तरी काय लिहू? लेख चुकीचा आहे असं? तो चुकीचा नाही.

दीपाली


हडपसर
३० मार्च २०२५

ताई,

हो, लपवलं. बायपास खरी होती. हवं तर बाबांच्या छातीवरचा व्रण बघायला ये. बाकीचं आता पूर्ण ऐक.

खराडीची नोकरी सोडून मी राकेशच्या मागे गेले. माझा व्हिसा त्याच्या व्हिसाला बांधलेला. मला तिथे नोकरीची परवानगी नव्हती. गेल्या वर्षी त्याने घटस्फोटाचा अर्ज टाकला. ऑक्टोबरमध्ये त्या हुकमावर सही केली, तेव्हा मला वाटलं, ठीक आहे, इथेच राहू, इथेच लढू. तू लिहिलंयस ना, अगदी तसंच. कोर्टाच्या आवारात मोफत सल्ला देणारी एक वकीलबाई होती. तिने विचारलं, "तू कोणाच्या व्हिसावर आहेस?" म्हटलं, "नवऱ्याच्या." ती म्हणाली, "घटस्फोट मंजूर होईल त्या दिवशी तुझा या देशात राहायचा हक्क संपेल."

"आणि मुलीच्या ताब्याचा खटला?"

"तो चालू राहील."

"मग मी कुठून लढू?"

"व्हिडिओवर हजर राहता येतं," म्हणाली.

राकेश वाईट माणूस नाही. त्याने कधी हात उगारला नाही, दारू पीत नाही. मी त्याला इतकंच म्हटलं, ताब्याचं ठरेपर्यंत घटस्फोट थांबव. तो यशोच्या डब्यात सफरचंदाच्या फोडी भरत होता. म्हणाला, "पूर्वा, आज ना उद्या तुला जावंच लागणारे. तिला आत्तापासून व्हिडिओ कॉलची सवय लावू या." इतक्या शांतपणे! माझं भलंच सांगतोय अशा आवाजात. माझ्याच मुलीला माझी सवय सोडायला लावायची, आणि ती कशी, ते तो डबा भरता भरता ठरवत होता. त्याच आठवड्यात मी तिकिटं काढली. तुला सांगितलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस.

'त्या पालकानेही परत जावं आणि तिथे दाद मागावी.' कुठे उभं राहून, ताई? विमानतळावर?

मागच्या तारखेला जजसाहेबांनी यशोला आत बोलावून घेतलं. विचारलं, "बेटा, तुझं घर कुठंय?" ती म्हणाली, "कुठलं?" साहेब हसले म्हणे.

या पत्राला उत्तर नको.

पूर्वा


हॅम्बुर्ग
१४ एप्रिल २०२५

प्रिय पूर्वा,
जय भीम.

उत्तर नको म्हणालीस, तरी लिहितेय. आज जयंती. इथे माझ्या ओळखीचं कोणी नाही. खिडकीत मेणबत्ती लावून बसलेय. तुझं पत्र मिळालं त्या रात्रीच लेख पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. कोणा दुसऱ्याने लिहिलाय असं समजून.

'व्हिसा' हा शब्द त्यात नाही. कुठेच नाही. मी पुन्हा वाचला. कॉम्प्युटरला शोधायला लावला. नाही. लग्नाचा कायदा आहे, ताब्याचा आहे, कोणत्या कोर्टाचा अधिकार कुठवर, ते आहे. चाळीस पानं. 'परत जावं' असं मी आठ ठिकाणी लिहिलंय, आणि जाता येतं का, हे एकदाही विचारलेलं नाही. ज्या बाईंसाठी लिहिलं त्यांच्याकडे इंग्लंडचं नागरिकत्व होतं. म्हणून सुचलंच नाही मला.

परदेशी नागरिकांच्या कायद्याचे लोक आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसतात. वर्षभरात मी तो जिना चढले नव्हते. दुसऱ्या दिवशी चढले. तिथल्या प्राध्यापक बाईंना विचारलं, "ताब्याचा खटला चालू असताना आईलाच देशाबाहेर जावं लागतं, असं होतं का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाणी ओलं असतं का विचारलं. म्हणाल्या, "सारखं होतं. खालच्या मजल्यावर माहीत नाही?"

मी खाली आले आणि निवेदन लिहायला बसले.

सुरुची मॅडमना मी सही करून निवेदन पाठवलंय. लेखातलं तत्त्व अशा ठिकाणी लागू करता येत नाही. घटस्फोटाने आईचा राहण्याचा हक्कच जाणार असेल तर आधी तिच्या राहण्याची सोय, तिकडच्या कोर्टाच्या हुकमाने, मगच मुलीला परत पाठवण्याचा विचार. पहिल्याच ओळीत लिहिलंय की प्रतिवादी माझी मावसबहीण आहे. ते लपवून चालणार नाही; मॅडमनाही ते पटलं.

सही केलेला हुकूम तू मोडलास, हे मला आजही पटलेलं नाही. पण तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. आणि माझा तर धंदाच या प्रश्नांची उत्तरं देण्याचा आहे.

तुझी
दीपाली


हडपसर
१३ जून २०२५

ताई,

हरलो. सहा आठवड्यांत यशोधराला न्यू जर्सीला परत न्यायचं. मी नाही गेले तर राकेशने येऊन न्यायचं.

तुझं निवेदन सुरुची मॅडमनी वाचलं. ते मऊ आवाजाचे वकील उठले आणि म्हणाले, "लेख लिहिला तेव्हा त्या विदुषी होत्या. निवेदन लिहिलं तेव्हा त्या बहीण आहेत." सगळं कोर्ट हसलं.

निकालात तुझा लेख दोन पानं आहे. निवेदनाबद्दल एकच ओळ. लेखिका प्रतिवादीची बहीण आहे.

माझ्या व्हिसाचं काय, तर स्वतंत्र अर्ज करा. मिळेल का, कोणी सांगत नाही. आईने यशोचे स्वेटर कपाटातून काढलेत. घडी घालते, मोडते, परत घालते. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. यशो विचारते, आजी जूनमध्ये स्वेटर का काढतेय?

मला काही लिहू नकोस. आत्ता नको.

पूर्वा


हडपसर
२० जुलै २०२५

प्रिय ताई,
जय भीम.

इतके दिवस पत्र नाही, कारण जे घडलं ते खरं वाटेपर्यंत लिहिता येईना.

निकालानंतरचा दुसरा रविवार. दुपारी बेल वाजली. आईने दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. दारात राकेश. मला वाटलं, न्यायलाच आला. मुदत बाकी असताना! मी यशोला आत ढकललं आणि दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, "अजून दिवस आहेत. आज तिला हात लावायचा नाही."

तो म्हणाला, "मी न्यायला नाही आलो."

मग माझं लक्ष त्याच्या सामानाकडे गेलं. चार मोठ्या बॅगा. चार दिवसांसाठी येणाऱ्या माणसाचं सामान नव्हतं ते, घर मोडून येणाऱ्याचं होतं.

"माझी नोकरी गेली," म्हणाला. "एप्रिलमध्येच. आमचा अख्खा विभाग बंद केला. साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर देश सोडायचा असतो. नाही मिळाली."

ताई, मला आधी अर्थच लागेना. मी विचारलं, "निकाल लागला तेव्हा तुला नोकरी नव्हती?"

"नव्हती."

"वकिलांना सांगितलंस?"

"नाही."

"कोर्टाला?"

त्याने मान हलवली. बाबा आतून उठून आले होते. भिंतीला धरून उभे. त्यांनी अगदी हळू विचारलं, "मग आमच्या पोरीला तिकडं कोणाकडं पाठवणार होतास?"

आईला व्हिसा नाही, बापाला व्हिसा नाही, आणि पोरगी अमेरिकेची नागरिक म्हणून तिला तिथे पाठवायचा हायकोर्टाचा हुकूम! ज्या हुकमासाठी आई स्वेटरच्या घड्या घालत होती, त्या हुकमाच्या दुसऱ्या टोकाला कोणीच उभं नव्हतं.

"वाटलं, मिळेल दुसरी," तो म्हणाला. "ती आधी परत येऊ दे, मग बघू, असं वाटलं. पंधरा वर्षं टॅक्स भरला गं मी तिथे. आणि एका तारखेनंतर राहू नका म्हणतात."

मी म्हटलं, "व्हिडिओ कॉलची सवय लावून घ्यायची."

मला वाटलं होतं, हे वाक्य कधीतरी त्याच्या तोंडावर फेकलं की बरं वाटेल. नाही वाटलं. तेवढ्यात यशो आतून सुटली आणि "बाबा!" करत त्याच्या पायाला बिलगली. कितीतरी महिन्यांनी दिसला होता तिला. तो तिथेच, चपला न काढता, बॅगांमध्ये बसून रडायला लागला. आई म्हणाली, "दारात तमाशा नको. आत ये, हातपाय धू, वरणभात खा. मग बोल काय बोलायचं ते." बाबा मात्र त्याच्याशी त्या दिवशी पुन्हा एक शब्द बोलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं एकत्र मुंबईला गेलो. त्याने सगळं लिहून दिलं. त्याच्या वकिलांना ते कोर्टाच्या व्हरांड्यात कळलं. त्यांचा तो मऊ आवाज पहिल्यांदा चिरकलेला ऐकला. "अहो, मी कोर्टाला काय सांगितलं आणि तुम्ही मला काय सांगितलं होतं?"

जजसाहेबांनी अर्ज वाचला. परत मागची पानं उलटली. राकेशला उभं केलं आणि विचारलं, "मुलगी तिथे उतरल्यावर तिला घ्यायला कोण येणार होतं?" साहेबांनी चष्मा काढला. मग त्यांनी हुकूम मागे घेतला आणि राकेशला असं काही सुनावलं की मला त्याच्याकडे बघवेना. ताब्याचं आता इथे, पुण्याच्या फॅमिली कोर्टात ठरेल.

संसार पुन्हा जुळला असं समजू नकोस. नाही जुळला. राकेश खराडीत एका मित्राकडे राहतो, नोकरी शोधतो, शनिवारी यशोला घेऊन जातो आणि रविवारी आणून सोडतो. पहिल्या शनिवारी ती परत येईपर्यंत मी खिडकीतून हलले नाही. मलाही परवा खराडीतल्याच एका कंपनीने इंटरव्ह्यूला बोलावलंय.

सही करून हुकूम मोडला, ते चुकलं. सुरुची मॅडमनी इथल्या कोर्टापुढे तेही लिहून द्यायला लावलं आणि मी दिलं. तुझ्यापासून लपवलं, ते जास्त लागतं.

ये एकदा. आई विचारते.

तुझी
पूर्वा


हॅम्बुर्ग
५ सप्टेंबर २०२५

प्रिय पूर्वा,
जय भीम.

तुझं पत्र इतक्यांदा वाचलं की घड्यांवर फाटायला आलंय. हिरामावशीने त्याला वरणभात खायला घातला, हे वाचून मी एकटीच हसले आणि मग बराच वेळ रडले.

आता माझं ऐक. सोमवारी एका अनोळखी बाईंचा ई-मेल आला. कोचीच्या आहेत. मुलगा चार वर्षांचा, नवरा कॅनडात. तिकडे असताना त्या नवऱ्याच्या व्हिसावर होत्या. कोचीच्या हायकोर्टात नवऱ्याच्या वकिलांनी तुझ्या केसचा जूनचा निकाल वाचून दाखवला. त्यातली ती दोन पानंही. माझी.

हुकूम मागे घेतला, हे खरं. पण निकाल छापून झालाय. देशभरातल्या वकिलांच्या कॉम्प्युटरवर तो आहे, आणि मागे घेतल्याचा नंतरचा अर्ध्या पानाचा आदेश कोणी उघडत नाही. त्या मोठ्या निकालात कुठेही लिहिलेलं नाही की ज्या बापाकडे मुलगी पाठवायची होती तोच काही दिवसांत चार बॅगा घेऊन हडपसरला आला. तिथे सगळं कसं बरोबर दिसतं. मीच वाचलं असतं तर मलाही पटलं असतं.

नवा लेख मी लिहून पाठवलाय. संपादक म्हणतात, पुढच्या वर्षी छापू. कोचीची तारीख सव्वीसला आहे. म्हणून रजा टाकली आणि तिकीट काढलं. नंतरचा आदेश आणि माझं म्हणणं, दोन्ही हातात घेऊन स्वतः जाते. त्यांचे वकील म्हणतात, कोर्ट ऐकेलच असं नाही. तिथून पुण्याला येईन. मावशीला सांग, चार दिवस राहणार आहे.

कोचीच्या बाईंनी शेवटी एकच विचारलं होतं. त्या पुण्याच्या केसमधल्या आईचं पुढे काय झालं? निकालात ते नाही.

मी त्यांना लिहिलं, ती तिच्या आई-वडिलांच्या घरी आहे, आणि मुलगी तिच्याजवळच आहे.

क्षणात उत्तर आलं. एकच शब्द.

"खरंच?"

तुझी
दीपाली